आत्याच्या खांद्यावरचा हात

आमच्या डोंबिवलीच्या आत्याची एक खोड होती. बारसं असो की साखरपुडा, ग्रुप फोटोत ती कायम अगदी कडेला. मी ओरडायचो, "अगं आत्या, मध्ये ये ना!"

"नको रे. उद्या हार घालायला फोटो लागेल, तेव्हा मला कापून काढायला सोपं जाईल."

यावर सगळे हसायचे. म्हातारपणीच्या तिच्या प्रत्येक फोटोत आम्ही दात काढतोय आणि ती एकटी गंभीर.

गेल्या वर्षी आत्या गेली. एकटीचा फोटो खरंच एकही मिळेना, म्हणून माझ्या लग्नातला ग्रुप फोटो घाईघाईत कापून आणला. फ्रेम भिंतीवर लागली आणि आई किंचाळली, "अरे, हा खांद्यावर हात कोणाचा?"

मनगटाला हळकुंड बांधलेलं होतं. म्हणजे नवरदेवाचा, माझाच. मी तिला मध्ये ओढत होतो ना तेव्हा!

"हार घातलेल्या फोटोत जिवंत माणसाचा हात? काहीतरीच!" म्हणत आई हार सरकवून तो हात झाकायला लागली.

म्हटलं, "राहू दे गं. एवढ्या वर्षांनी आत्या मध्ये आलीय. कडेला मी थांबतो."