मैदानाला कुलूप मीच लावलं

माझा जन्म सुरगान्याकडचा, पार डोंगरातला. भात नि नागली येवढीच आमची शेती, ती उरकली की आईबाप आम्हाला जीपमधी घालून इकडं विंचूरच्या बाजूला द्राक्षाच्या मळ्यात कामाला आनायचे, काम संपलं की परत डोंगर, असं वर्षावर्षाला येनं-जानं. मी सात वर्षांची झाले तव्हा आईनं मला मळेवाल्या बाईंच्या घरी ठिवलं, का तर पोरगी एका जागी राहून शाळा तरी शिकंल. शाळेत पोरी मला हसायच्या, कारन मी डोंगरातलं बोलायची नि त्यांना ते कळायचं नाय. पन पळायला बोली कशाला लागते? शाळेच्या मैदानात खो-खोचे दोन खांब व्हते, त्या दोन खांबांच्या मधी मी जी सुटायची ती कुनाच्या हाताला लागायची नाय, मंग ज्या हसायच्या त्याच गट पाडताना ओरडायच्या, यमुना आमच्याकडं, यमुना आमच्याकडं. काय सांगू तुम्हाला, या गावानं मला आपली म्हनली ती त्या मैदानावर, आधी नाय.

लगीन पन इथंच झालं. आमचे हे कांदा मार्केटात हमाल, शांत मानूस, मी बोलते नि ते ऐकतात असा आमचा संसार. मंग मी त्याच शाळेत शिपाई म्हनून लागले. घंटा द्यायची, वर्ग उघडायचे, झाडायचे, पानी भरायचं, आन सगळी पोरं मला मावशी म्हनतात, आता तर पोरांचे आईबाप पन मावशीच म्हनतात. खेळाच्या सरांची बदली झाली नि दुसरं कोनी आलंच नाय, पोरी नुसत्या खांबाला टेकून गप्पा मारायच्या, ते काय मला बघवंना. मी पदर खवला नि म्हनलं, बसा गं चौकात. हेडसर म्हनले, अहो मावशी, तुम्हाला शिट्टी कोण देणार? मी म्हनलं, सर, शिट्टी नको, मला तोंड हाय. तव्हापासनं शाळा सुटली की पोरींचा खो-खो माझ्याकडं. तीन वर्षांत आमच्या पोरी तालुक्याला पहिल्या आल्या. हे मी फुशारकी म्हनून सांगत नाय, पन झालं ते झालं, सांगायला लाजू कशाला?

आन मंग कोरोना आला. वरून पत्र आलं, हेडसरांनी मला सांगितलं आन मैदानाच्या फाटकाला कुलूप मीच लावलं. तव्हा कोनी वाद घातला नाय, मी पन नाय, सगळेच भ्यायले व्हते. दुसऱ्या लाटेत तर गावानं लय सोसलं. आमचे गुरुजी, म्हंजे मला चौथीपर्यंत शिकवलेले, रिटायर झाल्यावर गावच्या कोरोना समितीचं काम बघायचे, त्यांच्या मंडळी तव्हाच गेल्या. नाशिकला बेड मिळंल म्हनून गाडीत घातलं, नि नाशिक यायच्या आधीच गाडीत सगळं संपलं. लय माया करायच्या हो, मला लहानपनी केसांना तेल लावून द्यायच्या. त्यांच्या मातीला पन जाता आलं नाय.

ती लाट ओसरली. मार्केट उघडलं, दुकानं उघडली, लग्नं लागायला लागली, पत्रिकेवर पन्नास मान्सं नि मांडवात मोजायला कोन जातंय. पन मैदानाला कुलूपच. पोरी घरात बसून बसून चिडक्या झालेल्या, त्यातली जयश्री म्हनून आमची सगळ्यात चांगली पळनारी, सतरा पूर्ण झालेली, तिचं ते अठराखालच्या गटातलं शेवटचं वर्ष. ती काय करायची, सकाळी हायवेच्या कडंनं पळायची. एक दिवस कांद्याची पिकप तिला इतकी चाटून गेली की पोरगी खाली चारीत पडली, कोपरापासनं मनगटापर्यंत सोलून निघाली. मी हळद घेऊन गेले तिच्या घरी तर ती म्हने, मावशी, मैदान असतं तर मी रस्त्यावर कशाला गेले असते?  मी तशीच उठले नि गुरुजींकडं गेले. म्हनलं, गुरुजी, मीटिंग लावा.

शाळेच्या ओट्यावर मीटिंग झाली. लांब लांब बसलेले सगळे, तोंडाला फडकी. मी उभी राहिले नि म्हनलं, कांद्याच्या लिलावाला मान्सावर मानूस पडतंय ते चालतं, हळदीला डीजे चालतो, आन चार पोरी उघड्यावर पळाल्या तर आजार येतो, हा कुठला न्याय? एक जन मागनं म्हनला, पोरींना खेळून काय कलेक्टर व्हायचंय का, बसू दे घरात, भाकरी शिकतील. जयश्रीची आई कधी मीटिंगमधी तोंड न उघडनारी बाई, ती म्हनली, भाऊ, भाकरी येती तिला, तुमच्या पोराला येती का? सगळे हसले, पन गुरुजी हसले नाय.

गुरुजी हळू आवाजात म्हनले, यमुना, मार्केट उघडलं ते पोटासाठी. खेळ थोडा थांबला तर कोणी मरत नाही. आणि खो-खो हा शिवायचा खेळ आहे. एकीचा हात दुसरीच्या पाठीवर. हा आजार याहून वेगळा कसा पसरतो, सांग मला. त्या पोरी घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांजवळ बसणार.

काय सांगू तुम्हाला, मानूस खोटं बोलत नव्हता. भांडायला आलेल्याशी भांडता येतं, पन ज्याचं घर रिकामं झालंय त्याच्याशी कसं भांडनार? पन मी मागं हटले नाय. मी म्हनलं, गुरुजी, तुमचं खरं हाय, मी शिवायचा खेळ मागत नाय. एका वेळी चारच पोरी येतील, खांबाला वळसे घालतील, सूर मारतील, एकमेकीला हात लावनार नाय. दवाखान्याच्या आशाताई रोज ताप बघतील. ज्यांच्या घरात म्हातारं मानूस हाय त्यांनी घरच्यांना इचारूनच यायचं. लिलाव चार दिवस पुढं ढकलता येतो, लगीन ढकलता येतं, पन जयश्रीचं हे वर्ष कोन ढकलून देनार? गुरुजी म्हनले, आणि एखादीला ताप आला तर? मी म्हनलं, तर कुलूप मीच लावीन, तुम्ही सांगायची वाट बघनार नाय.

समितीकडनं वर अर्ज गेला, इचारना झाली, आन चार-चार पोरींची परवानगी आली. पहिल्या दिवशी फाटक उघडलं तर आत गुडघाभर गवत, आम्ही दिवसभर तेच उपटलं, पन काय आनंद व्हता त्या पोरींच्या तोंडावर! मी खांबाला चुना लावला नि उगीच चार पावलं पळून पन बघितलं, या वयात, साडीवर.

अठरा-वीस दिवस झाले नि कोमलला ताप आला. ही आठवीतली बारकी पोर, घरात तिची आजी. आशाताईंचा फोन आला तव्हा मी वर्ग झाडत व्हते. झाडू ठिवला, गेले नि कुलूप घातलं. जयश्री समोर उभी, म्हने, मावशी, कोमल परवा मामाच्या लग्नाला गेली व्हती, ताप तिथनं आलाय, मैदानातनं नाय, कुनाला कळनार पन नाय, उघडं राहू द्या ना. मी म्हनलं, मला कळलंय ना, तेवढं बास. ती म्हनली, तुम्हीच भांडल्या नि तुम्हीच बंद केलं. आन पाठ फिरवून गेली. नंतर रस्त्यात दिसली तरी बोलंना.

रिपोर्ट आला, कोमलला कोरोना निघाला, आजीला पन निघाला. मंग गाव बोललंच, सांगत व्हतो आम्ही, ऐकलं नाय बाईनं. मी रोज त्यांच्या अंगनाच्या बाहेर उभी राहायची, कधी भाजी ठिवायची, कधी दूध, आन वरडून इचारायची, आजी, बरं हाय का? आतनं खोकला ऐकू आला की तो थांबेपर्यंत मी तिथनं हलायची नाय. म्हातारीला काही झालं असतं तर मी कुठल्या तोंडानं मैदानात उभी राहिले असते? पन आजी चिवट. एक दिवस आतनं आवाज आला, अगं, भाजीत मीठ कमी व्हतं कालच्या. मी तिथंच रस्त्यात खाली बसून हसले, आन हसता हसता रडले.

त्या दोघी बऱ्या झाल्या नि थोड्या दिवसांनी गुरुजी आपल्या पायांनी शाळेत आले. मला वाटलं आता कायमचं बंद करा म्हनतात. पन ते म्हनले, यमुना, उघड मैदान.  मंग म्हनले, मला खेळाची भीती नव्हती गं, लपवण्याची भीती होती. आमच्या हिला ताप आला तेव्हा आम्ही चार दिवस कोणाला सांगितलं नाही. गावात बोभाटा होईल, दार बंद करतील, म्हणून मीच म्हणालो, सांगू नको. मी, समितीचा माणूस. तू त्याच दिवशी कुलूप लावलंस. येवढं बोलून त्यांनी चष्मा काढून पुसला नि चालायला लागले. मी हे आजवर कुनाला सांगितलं नव्हतं, पन आता गुरुजी सोताच सगळ्यांना सांगतात, म्हनून तुम्हाला सांगितलं.

मैदान उघडलं, पन जयश्रीचं वर्ष गेलं ते गेलंच. तिच्या गटाच्या स्पर्धा त्या वर्षी झाल्याच नाय. वाद मी जिंकले नि पोरगी हरली, असं कोनी म्हनलं तर मी नाय म्हननार नाय. लय दिवस सलत व्हतं ते. मंग एक दिवस तीच आली, म्हने, मावशी, पोलीस भरतीचं पळायचंय, वेळ लावून द्या. आता ती पोलिसात हाय, सुट्टीला आली की बारक्या पोरींना सूर मारायला शिकवती, आन माझ्यापेक्षा मोठ्यानं वरडती.

गुरुजी थकलेत, पन संध्याकाळी खुर्ची टाकून मैदानाच्या कडंला बसतात नि माझ्या चुका काढतात. यंदा आमच्या पोरी जिल्ह्याला गेल्या, एका गुनानं हरल्या, येताना गाडीत सगळ्या रडत व्हत्या. मी म्हनलं, रडा, उद्या चारला या. माझं पन आता वय झालं, सांधे दुखतात, पन पोरी यायच्या थांबत नाय तवर मी पन थांबत नाय. तुमची लेक केवढी हाय? तिला पन पाठवा. गुडघे फुटतील, फुटू द्या, देव करो नि तेवढंच दुखनं तिच्या वाट्याला येवो.