आप्पांच्या नावाची मूठ

हॅलो? …हां, बोला रघुनाथआप्पा. मी शोभा. तुमचे भाऊ कारखान्यात गेलेत, आज दिवसपाळी आहे…

…आमच्या ललितनं? हो, त्यानंच केली ती बोरशांची वंशावळ. मोबाईलवर. …कुळाच्या मेळाव्यात तिचं बॅनर लावणार ना? मग?

…काय काढायचं? …थांबा. वर्षा, तो मिक्सर बंद कर गं! …हां, आता बोला.

…आमची फांदी काढायची? का म्हणून?

…हां… हां… अच्छा. आमचे आजेसासरे धुडकूबाबा बोरशांच्या पोटचे नाहीत. आईनं बोरशांत दुसरं घर केलं, तिच्या कडेवर बसून आले… अहो, हे मला आज सांगताय होय? मी नवी नवरी होते तेव्हाच सासूबाईंनी सांगितलं होतं. त्यात लपवायचं काय?

…रक्त? रक्त दवाखान्यात तपासतात, आप्पा.

…उलटून नाही बोलत. सरळच बोलतेय. …ऐका तरी! बोरसे मूळचे कुठले, ते तरी ठरलं का तुमचं? मागच्या मेळाव्यात राजस्थान म्हणालात, त्याच्या आधी माळवा. एवढ्या लांबून आलेले चालतात, अन् एक लेकरू शेजारच्या गावाहून आलं ते चालत नाही?

…तुमचा महेश इकडे कडोदऱ्याला लूमवर कामाला लागला, तेव्हा कुणाच्या घरी उतरला होता? …हो ना? तेव्हा नाही कुणी रक्त विचारलं.

…ललितचं लग्न? जमेल तेव्हा जमेल. आजोबा पुसून नाही जमवायचं.

…बरं, एक सांगा. कानबाई देवीच्या प्रसादाचा रोट परक्याला देतात का? …मी विचारतेय ना. …बरोबर. लग्न झालेल्या लेकीलासुद्धा देत नाहीत. मग धुडकूबाबांना पहिला घास कुणी भरवला? तुमच्याच पणजोबांनी, विठ्ठलबाबांनी. सगळ्या भाऊबंदांसमोर. "रोट खादा तो भाऊबंद," म्हणाले. तुमच्या पणजोबांचा शब्द मोडायचा, तर तुम्ही मोडा. मी नाही मोडणार.

…नाही काढणार! ललितही नाही काढणार. तुमच्या बॅनरवर जागा नसेल, तर आमचं आम्ही छापू अन् इथं लिंबायतच्या चौकात लावू!

…ओरडू नका. रविवारी कानबाई बसतेय, रोट आमच्याच घरी आहेत. परात पुढ्यातच आहे माझ्या. सासऱ्यांनी घालून दिलंय तसं, घरातल्या अन् गावाकडच्या एकेका पुरुषाच्या नावानं रोटासाठी मूठ मूठ गहू टाकतेय. आता तुमचाच नंबर आहे. आम्ही बोरसे नाही, तर आमच्या घरचा रोट तुम्हाला कसा चालेल? तुम्हीच सांगा, टाकू का नको तुमच्या नावाची मूठ?



…आप्पा? …हॅलो?

ठेवला त्यांनी फोन.

…वर्षा, बघत काय बसलीस? आप्पाना नावनी मूठ टाक. गच्च भरीसन टाक.