पहिल्या संक्रांतीची माळ

माळ दुपदरी होती की तिपदरी, हे आता मला खात्रीने सांगता येणार नाही. माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नाही. माकड मात्र नक्की होतं.

लग्नानंतरची आमची पहिली संक्रांत. कॉलेजातल्या इंग्रज साहेबाकडून अर्ध्या दिवसाची सुटी मागून मी घरी आलो, तर काशीतल्या दशाश्वमेध घाटाजवळच्या आमच्या गच्चीवर आई हिला काळ्या लुगड्यावर हलव्याचे दागिने घालत होती. शेवटी आईने स्वतःच्या गळ्यातली मोत्यांची माळ काढून हिला घातली.

"मोती चंद्राचं रत्न गं, मन शांत ठेवतं," ती म्हणाली. "या घाबरटाबरोबर संसार करायचाय, तुला लागेल."

तेवढ्यात कठड्यावरून माकड आलं. हलवा समजून त्याने नेमकी तीच माळ ओढली, कडकन चावली, आणि मोती कौलांवरून घरंगळत गल्लीत गेले. ही रडायलाच लागली.

"सासूबाई, तुमची माळ!"

आई पोट धरून हसली. "वेडी का तू? खोटे मोती ते, जत्रेतले. बिचाऱ्या माकडाचे दात मात्र दुखले असतील!"

ही डोळे पुसून हसली. मीही निर्धास्त झालो.

आई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी पन्हळ साफ करताना त्या माळेतला एक मोती सापडला. खरा मोती दातावर खरखरतो म्हणतात, म्हणून घासून पाहिला. खरखरला. पण माझा माझ्यावर विश्वास कुठे? चौकातल्या जौहरीकडे नेला. त्यानेही दातावर घासला.

"असली है, पंडितजी. बसरे का."