दार आपटलं की

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे बहीणभाऊ उभे होते. दाराला लावायचा स्टॉपर घ्यायला आले होते.

"आजच्या आज बसव. आई पुन्हा पडली तर मला फोन करू नकोस."

"बसवतो गं ताई. पण संध्याकाळी वारा सुटला आणि मागचं दार आपटलं, की ती म्हणते, 'हे आले.' बाबांना जाऊन वर्ष झालं, तरी चहा टाकायला उठते."

"तेच म्हणतेय मी. घाईघाईनं उठते आणि तोल जातो. दार आपटलंच नाही तर उठेल कशाला?"

"मग नुसती बसून राहील."

"राहू दे. हाडं तरी शाबूत राहतील. आणि वारा येतो समोरच्या खिडकीतून. ती बंद ठेवायला तुला काय होतं?"

"रोज दुपारी बंद करतो."

"मग उघडतं कोण?"

"आई."

"तिच्या लक्षात येत नसेल रे."

"येतं. काल विचारलं मी. म्हणाली, 'वारा आहे हे कळतं मला. पण आवाज अगदी ह्यांच्यासारखा येतो. जन्मात कधी दार हळू लावलं का त्यांनी?'"

"नाही लावलं."

"नाहीच."

दुकानदाराने दोन स्टॉपर काउंटरवर ठेवले. "रबरी देऊ की लोखंडी?"

बहिणीने दोन्ही हातात घेऊन पाहिले आणि परत ठेवले.

"हे राहू द्या. चालताना धरायला भिंतीला दांडी लावतात, ती आहे का? पलंगापासून मागच्या दारापर्यंत पुरायला हवी."