तात कुणाला, नायलॉन कुणाला

दुष्काळाच्या दिवसातलं सांग म्हणलात सर, आणि पेन काढून असं तोंड केलंत जसं काय मयतीला आलाय. तुमाला वाटत असंल, आता हा खडी फोडल्याचं सांगंल, सरकारी सुकडी खाल्ल्याचं सांगंल, मधीच टॉवेल काढून डोळं पुसंल. न्हाय पुसत. तसलं पाहिजे असंल तर गल्लीत कुणाच्या बी दारात बसा, पोतंभर मिळंल. मी सांगणार बकऱ्याच्या आतड्याचं. बसा की, उठताय कुठं, अम्मीनं चहा टाकलाय, चहा वाया गेला तर ती मलाच बोलंल, तिला तर निमित्तच लागतंय.

आमी पिंजारी. भूमचे. आज्ज्यापासनं हेच, कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, रजया शिवायच्या. आमच्या घरात दिसभर कापूस उडायचा, कुणाला शिंक आली न्हाय तर अम्मी कपाळाला हात लावून बघायची, बरं हाय का लेकराला म्हणून. शाळेत मी गेलो, मॅट्रिकपर्यंत गेलो, पण तिथं बी अभ्यासापेक्षा मास्तरांच्या नकला जास्ती. हेडमास्तर म्हणायचे, हमीद, तू सगळ्यांच्या आवाजात बोलतोस, तुझा आवाज कंचा रे? काय सांगू तुमाला, मला बी अजून ठाव न्हाय. एसटीचा कंडक्टर काढतो, मामलेदार काढतो, बाजारात वांगी इकणारी काढतो. आमच्या पिंजणाचा आवाज तर बसल्या जागी, बगा. ठ्यांव, ठ्यांव, टुंग. हसताय. हसा. ह्याच आवाजावर आमचं घर चालायचं.

पिंजण बघितलंय का तुमी? मोठं धनुष्यच की ते. माणसाएवढी लाकडी दांडी, एका टोकाला फळी, दुसऱ्या टोकाला वाकडं लाकूड, आणि मधी ताणलेली तात. तात म्हंजे बकऱ्याच्या आतड्याची दोरी. वर आढ्याला बांबूची एक बारकी कमान बांधायची, तिला दोरीनं हे सगळं धूड टांगायचं, तात कापसात बुडवायची आणि लाकडी ठोकळ्यानं हाणायची, की कापूस असा फुलतो, असा फुलतो, म्हशीच्या दुधाला साय यावी तसा. म्हंजे दोऱ्या दोन झाल्या. एक टांगायची, एक पिंजायची. एवढं ध्यानात ठिवा. आमच्या चेअरमनला एवढं बी कधी कळलं न्हाय.

तात आमी घ्यायचो बाशूमामूकडनं. बाजाराच्या दिशी चिंचेखाली बसायचा, आतडं धुऊन, खरवडून, पीळ घालून, ताणून वाळवायचा. लोक नाक धरून लांबनं जायचे, आमचे अब्बा मातूर तिथं असे बसायचे जसं काय सोनाराच्या दुकानात. तात हातात घ्यायचे, नखावरनं सोडायचे, गाठ असंल तर नख सांगतं. मग डोळं झाकून ओठावरनं फिरवायचे, कुठं तूस निघालं असंल तर ओठाला टोचतं. मग एक टोक दातात, दुसरं हातात ताणून, बोटानं टुंग. आणि मग इचारायचे, बाशू, बकरा बांधलेला का फिरलेला? रानात फिरलेल्या, बाभळीवर पाय टाकून पाला वरबाडलेल्या बकऱ्याची तात चिवट, दावणीला बांधून खाल्लेल्याची मऊ पडती. बाशूमामू म्हणायचा, चाचा, म्या काय त्याची सोयरीक जुळवली व्हती का, मला कसं ठाव? अब्बा म्हणायचे, मंग ठिव तुझ्यापाशीच. असं दोघांचं दर टायमाला.

पुढं दुष्काळ आला, बकरी गेली, काही इकली, काही मेली, तात मिळायची मुश्कील झाली. त्याच येळी सगळीकडं सोसायट्या निघाल्या, दुधाची निघाली, तेलाची निघाली, तशी आमची गादी-रजईची बी निघाली. आमी मेंबर, आणि चेअरमन कोण? ज्याच्या सात पिढ्यात कुणी पिंजणाला हात लावला न्हाय तो. गाववाले म्हणले, वर वळख लागती. लागू द्या. पण वळख लागती म्हणून आमच्या धनुष्याला दोरी कंची लावायची ते बी त्यानंच ठरवायचं का, सांगा तुमी!

वसतिगृहाच्या गाद्यांचं काम सोसायटीला आलं. खेड्यापाड्यातली पोरं तिथं राहायची, बौद्धवाड्यातली, तांड्यावरची, आमच्यातली बी. आणि ऐन कामात अब्बांची तात तुटली. अब्बा बाशूमामूकडं निघाले तर चेअरमन म्हणला, थांबा म्हातारबा. कपाटातनं पांढऱ्या नायलॉनचं बंडल काढलं आणि लागला भाषण करायला. त्याचा आवाज असा, नाकातनं निघून मिशीत अडकायचा. हे बगाऽ, आपल्याला प्रगती करायचीऽय. ते आतडं-बितडं आता बंद. विद्येचं घर हाय ते, पोरांनी काय आतड्यानं पिंजलेल्या गादीवर झोपायचं? सोसायटीचा कापूस सोसायटीच्याच दोरीनं पिंजायचा, ज्याला जमत न्हाय त्यानं सांगावं, दुसरे लई हायेत.

घाण ठरवली त्यानं आमची तात. रविवारी बकरं खाताना घाण न्हाय वाटली, त्याच बकऱ्याचं आतडं कापसाला लागलं की बाटलं! माझं डोकं तेरखेड्याच्या लवंगी फटाक्यांच्या माळेवानी फुटायला लागलं, पण अब्बांनी हात दाबला. म्हणले, बघू तरी कशी हाय ती.

आणि त्यांनी खरंच बघितली बरं का. नखावरनं सोडली, ओठावरनं फिरवली, दातात धरून टुंग केली. म्हणले, हमीद, दोरी मजबूत हाय, वर टांगायला घे, तिथली आपली काथ्याची सारखी कुजती. पण पिंजायला न्हाय चालायची, लई गुळगुळीत हाय, कापूस धरणारच न्हाय. मी म्हणलं, मंग सांगा की त्याला. अब्बा गेले, नीट सांगितलं, टांगायला द्या, पिंजायला तात राहू द्या. चेअरमन म्हणला, म्हातारबा, तुमी पिंजा, इचार आमी करतो.

पिंजलं मंग. काय व्हायचं ते झालं. नायलॉन कापसातनं नुसती घसरायची, तात कशी कापसाचा तंतू न् तंतू उचलती, ही वरच्यावर मारायची, आणि हाणून हाणून तापली की कापूस खाली वळायचा, बोराएवढ्या गाठी. अब्बा दुप्पट हाणायचे, खांदा सुजला, अम्मी हळद लावायची आणि चेअरमनच्या नावानं बोटं मोडायची. गाद्या गेल्या. थोड्याच दिसात वसतिगृहात सैपाक करणारी कमलमावशी भर बाजारात आडवी आली, कमरंवर हात ठिवून. काय रे पिंजाऱ्या, गाद्यात कापूस भरलायस का बोरं? लेकरं सकाळी उठत्यात तर पाठीवर चट्टं! आदी आयबापाला सोडून आल्यात, वर तुमी त्यांना खडीवर झोपवा! लोक हसले. अब्बा मान खाली घालून उभे. आयुष्यात त्यांच्या गादीला कुणी नाव ठिवलं नव्हतं सर. बाजारात, सगळ्यांदेखत.

आणि आता ऐका. त्याच महिन्यात चेअरमनच्या पोरीचं लगीन निघालं. गडी बोलवायला आला, आमी बापलेक पिंजण घेऊन त्याच्या वाड्यावर गेलो. चेअरमन सोप्यावर आला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आवाज खाली घेतला. म्हातारबा, पोरीच्या गाद्या हायेत. ते नायलॉन-बियलॉन नको हं. तुमची ती तात असती ना, ती लावा. माझी पोर नाजूक हाय, तिला टोचतं.

तिला टोचतं! आणि वसतिगृहाच्या पोरांच्या पाठी काय म्हशीच्या व्हत्या? मी पिंजण उचलून निघालोच व्हतो. अब्बांनी डोळ्यानं बसवलं. बाशूमामूकडनं तात आणली, अशी निवडून आणली, आणि त्या गाद्या अशा भरल्या की हात ठिवला तर कोपरापर्यंत आत जायचा. त्या दिशी मी अब्बांशी जेवताना बोललो न्हाय.

मग सोसायटीची सभा. शाळंच्या पत्र्याखाली, दुपारची, पत्रा तापलेला, माणसं रुमालानं वारा घेत बसलेली. चेअरमननं वसतिगृहाच्या गाद्यांचा इषय काढला आणि सरळ म्हणला, तक्रार आलीय, म्हातारबांचा हात आता चालत न्हाय, त्यांना हे काम पुढं देऊ नये असं माझं मत हाय. म्हंजे गाठी केल्या त्याच्या दोरीनं, आणि नाव गेलं अब्बांच्या हाताचं! अब्बा उठले. मुठीत गाठीचा कापूस व्हता, दाखवायला आणलेला. म्हणले, साहेब, जरा हे बगा. तर तो म्हणला, कापूस काय दाखवताय, हात दाखवा, थरथरतोय बगा, बसा खाली. लोक हसले. अब्बा बसले.

मी उठलो. मागनं कुणीतरी वरडलं, ए हमीद, नक्कल कर. केली. मिशीला बोट लावलं, पोट पुढं काढलं, आधी भाषण केलं, आपल्याला प्रगती करायचीऽय, आतडं-बितडं बंद. पत्रा हादरला हसून, चेअरमन बी हसला, त्याला वाटलं कौतुकच चाललंय. मग मी आवाज खाली घेतला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हातारबा, पोरीच्या गाद्या हायेत. नायलॉन नको हं. तुमची ती तात लावा. माझी पोर नाजूक हाय, तिला टोचतं.

आदी सगळ्यांनी चेअरमनकडं बघितलं. मग कोपऱ्यात एकजण खुदकला आणि सगळी सभा फुटली. चेअरमनचं तोंड वांग्यावानी झालं. म्या माझ्याच आवाजात इचारलं, का हो साहेब, गरिबाची पाठ येगळ्या कातड्याची असती का? तो पाणी प्याला, रुमाल शोधला, आणि म्हणला, ज्याला जी दोरी लावायची ती लावा, म्हातारबांचं काम म्हातारबांकडंच राहील, सभा संपली.

मला पोरांनी खांद्यावर घ्यायचं तेवढं राहिलं व्हतं. बाशूमामू तर म्हणला, ये, तुला एक तात फुकट. मी नाचतच घरी आलो. अब्बा उंबऱ्यावर बसलेले. घरात ते आमच्याशी दखनीत बोलतात, तुमाला मी मराठीत सांगतो. त्यांनी पयल्यांदा जे दोन शब्द हासडले ते तुमी लिहू नका.

म्हणले, कुणाची नक्कल केलीस तू, त्याची का त्याच्या पोरीची? उद्या ती नांदायला जाईल, तिथल्या बाया म्हणतील, हीच का ती नाजूक, जिला गादी टोचती. तिनं तुझं काय वाकडं केलं व्हतं? आपुन लोकांच्या घरात शिरतो रे, त्यांची अंथरुणं उसवतो. कुणाचं थोरलं पोरगं अजून गादी भिजवतंय, कुणाचा नवरा येगळा झोपतोय, कोण मयताच्या अंगाखालची गादी पुन्हा भरून घेतंय, सगळं दिसतं आपल्याला. माझ्या बापानं कंदी तोंड उघडलं न्हाय, म्या उघडलं न्हाय. म्हणून घरात गडीमाणूस नसला तरी बाया पिंजाऱ्याला आत घेतात.

मी म्हणलं, आणि त्यानं तुमाला भर सभेत थरथऱ्या म्हणलं ते? लेकरांच्या पाठी फुटल्या ते? मी गप बसू? माझा राग अजून गेला न्हाय सर, आज बी इचाराल तर मी तेच करीन. पण अब्बा उठून उभे राहिले.

म्हणले, तो मला बस म्हणला, मी बसलो. मी पुन्हा उठलो असतो. कापूस माझ्या मुठीतच व्हता, तू मला उठू दिलंस का? गाठी दाखवून जे काम झालं असतं ते तू एका पोरीला उघडं पाडून केलंस. आता ऐक. आजपासनं लोकांच्या घरी पिंजायला मी एकटा जाणार, पिंजण माझं मी उचलीन. तू वसतिगृहाच्या गाद्या भर. तात लावून भर, तुझी तू मिळवलीयस. सोसायटीत बसून भर, तिथं कुणाचं घर नसतं. आणि जेवायचं असंल तर जेव, पण माझ्यासमोर त्या माणसाचा आवाज काढलास तर ठोकळा तुझ्या टाळक्यात घालीन, मग काढ कुणाचा आवाज काढायचा तो.