वृषाली, वाक्यात उपयोग कर

…आन नुसता अर्थ सांगून भागत न्हाई म्हनं, वाक्यात उपयोग बी करायचा! अवो, दहावीला ज्या इंग्रजीनं मला दोनदा आपटलं, ते इंग्रजी पन्नाशीत रोज सकाळी साडेपाचला माझ्या म्होरं येऊन बसायचं, चहाच्या कपाशेजारी! आता ह्यात माझं काय चुकलं, सांगा राव?

तुमाला सांगतो, मी लोणीचा धर्माजी. आज्यापातूर घरात मेंढरं, बापापासनं कांदा. आन माझी येकुलती येक पोरगी वृषाली, मंचरला दवाखान्यात नर्स. तिला जायाचं आयर्लंडला. तिथं नोकरी पायजे तर आधी इंग्रजीची परीक्षा, आन परीक्षेला साधं इंग्रजी चालत न्हाई, जड पायजे. मग आनलं पुस्तक. हज्जार शब्द, परत्येकाचा अर्थ, खाली वाक्य. क्लासच्या मॅडम नाकात बोलत्यात, "घरी रोज कोणीतरी विचारणारं हवं हं, आणि वाक्यं स्वतःच्या घरातली करा!" घरात कोन? आशा, म्हंजे आमची मंडळी, दिवसाला चार वाक्यं बोलती, ती बी मोजून. ऱ्हायलो मी.

मी शब्द वाचायचा, तिनं अर्थ सांगायचा. "गॅरुलस." "बडबड्या. माय फादर इज गॅरुलस." "टॅसिटर्न." "अबोल. माय मदर इज टॅसिटर्न." "ऑब्स्टिनेट." "हट्टी. माय फादर इज व्हेरी ऑब्स्टिनेट." अगं, हज्जार शब्दांतलं वंगाळ तेवढं बापाच्या नावावर? येखादा चांगला दे की! तर म्हनती कशी, "आण्णा, चांगले शब्द पुढच्या धड्यात आहेत."

पुढचा धडा कशाचा येतोय, त्याच्या आधी पेठचं स्थळ आलं. चिमाजी माझा तीस वर्षांचा दोस्त. त्याचा पोरगा, बागायत, रोडला घर… म्या शब्द देऊन बसलो. मराठी शब्द! त्याला काय अर्थ बघावा लागतोय व्हय? वृषालीला इचारलं का? न्हाई. म्हनलं, देऊ दे परीक्षा, हौस फिटंल, मग लगीन. आयतवारी पावणं बघायला येनार, असं तिला सांगितलं, तर ती हो म्हनली न्हाई, न्हाई म्हनली न्हाई. पोरगी गप ऱ्हायली म्हंजे कबूल, असंच धरत्यात ना सगळी? ह्यात माझं काय चुकलं?

शनवारी सकाळी शब्द निघाला, "कोअर्स." ती खाली बघून म्हनली, "जबरदस्ती करणं." म्हनलं, "वाक्य?" "माय फादर विल नेव्हर कोअर्स मी." म्हनलं, झ्याक! आता मराठीत. तर बॅगेची चेन लावली, आन म्हनली, "माझे वडील माझ्यावर कधीच जबरदस्ती करणार नाहीत." आन बॅग उचलून यस्टीला गेली. म्या पुढला शब्द काढून बसलेला!

चुलीपासनं आशा म्हनली, "ते वाक्य पुस्तकातलं हाय का, बघा जरा."

बघितलं. पुस्तकात कुठला पोलीस आन कुठला साक्षीदार… बाप न्हवता, पोरगी न्हवती. तुमाला सांगतो, चहा निवला, वर साय धरली, पर मला कप उचलंना.

गाडीला किक मारली, थेट पेठ. चिमाजी ओट्यावर चार मान्सांत बसलेला. "या या, उद्याचं पावणं आजच?" म्हनलं, "चिमाजी, पोरीच्या मनात न्हाई. म्या शब्द माघारी घेतो." तर गुरकला, "पोरीला इचारून कवापासनं ठरवाया लागला रं? उद्या ती जेवू नको म्हनली तर उपाशी ऱ्हाशील व्हय?" मान्सं हसली. येवढा बडबड्या मानूस मी, पर खाली मान घालून निघालो. आजून चिमाजी बाजारात दिसला की तोंड फिरवतो. ह्यात माझं काय चुकलं… हे आता इचारायचं तरी कुनाला?

सांजच्याला वृषाली कामावरनं आली, तिला येवढंच म्हनलं, "पावणं यायचं न्हाईत." तिनं माझ्या कपात आजून थोडा चहा वतला.

पास झाली वो ती, चांगली पास झाली! मार्चात इमानानं गेली. घर कसं… जाऊ द्या. आशा चारावरनं दोन वाक्यांवर आली. म्या मात्र पुस्तक धरून ठिवलं. म्हनलं, पोरगी आता सायबाच्या मुलखात ऱ्हाती, बाप कमी पडायला नको. रोज पाच शब्द, अर्थासकट!

परवा तिचा फोन आला. म्या आठवडाभर घोकलेलं वाक्य सोडलं, "वृषाली, युवर मदर इज मेलँकली!" म्हंजे उदास. तसा म्या बी व्हतो, पर बाप्या मान्सानं सोताचं वाक्य कसं करायचं? तर तिकडनं आवाजच न्हाई. म्हनलं, उच्चार चुकला का काय! मग नाक वढल्याचा आवाज आला.

"आण्णा, इंग्रजी नको ना. दिवसभर तेच बोलते मी. इथं माझ्याशी मराठी बोलायला कोणी नाही हो. आईनं आज कालवण कशाचं केलंय, ते सांगा."

चारशे जड शब्द पाठ करून बसलोय राव, आन पोरीला ऐकायचा व्हता येकच.

म्हनलं, "वांग्याचं."