इथे एकदाच विचारतात

...आणि वर मलाच विचारतात, तोंड शिवलं होतं का तुमचं! बायको विचारते, मुलगी विचारते, शेजारची नर्सबाई जिन्यात गाठून विचारते... अहो, शिवलेलं असतं तर आज मी या देशाचा नागरिक असतो! उघडलं, तिथेच तर घोटाळा झाला ना! तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षं काढली या देशात, इस्पितळाच्या तळघरात चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करतो, ब्रेक, बेअरिंग, पुढची लहान चाकं, त्या चाकांत गुंडाळलेले केस... माणसाचा केस किती चिवट असतो ते मला विचारा... एकोणीस वर्षांत एक खुर्ची माझ्याकडे परत आली नाही, आणि मी मात्र दोन शब्दांत सगळ्यावर पाणी फिरवून आलो. दोन तरी कुठले, एकच शब्द दोनदा म्हणालो.

आता तुम्ही म्हणाल, एकोणीस वर्षं झोपला होतात का? झोपलो नव्हतो, गरजच वाटली नव्हती! बाकीच्यांची कारणं ऐकली की मला हसू यायचं. आमच्याकडे एक वेल्डर आहे, तो झाला नागरिक. म्हटलं, का रे बाबा? म्हणाला, ‘विमानतळावरची लांब रांग चुकते.’ म्हटलं, वर्षातून किती वेळा जातोस विमानानं? म्हणाला, ‘आल्यापासून एकदाही नाही, पण गेलो तर?’ घ्या! नर्सबाई झाल्या, का तर मत देता यावं. आली निवडणूक, आणि त्या दिवशी बाईंची डबल ड्यूटी! माझी बायको झाली ती बोटांपायी. दर वर्षी ते राहण्याच्या परवान्याचं कार्ड नवं करायचं, बोटांचे ठसे द्यायचे, आणि हिचे ठसे हॉटेलातली भांडी घासून गुळगुळीत झालेले, मशीन दर वर्षी म्हणणार, ही बाई ओळखू येत नाही! शेवटी ही वैतागली, ‘अहो, नागरिक झाले की निदान बोटं तरी मागणार नाहीत!’ खरंच नाही मागितली. मुलगी इथलीच, तिला कारण विचारलं तर ती माझ्याकडेच बघते, ‘बाबा, कारण कशाला लागतं?’ तुला नाही लागत गं, बाई. आम्हाला लागतं.

माझं कारण म्हणजे माझी आई.

वय एक्क्याऐंशी, तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. मागच्या वर्षी सकाळी न्हाणीघरात पडली आणि संध्याकाळी शेजारीण वाटी परत द्यायला आली तोवर तिथेच ओल्या फरशीवर पडून होती. मला कधी कळलं? अकरा दिवसांनी! म्हटलं, आई, अगं फोन नाही का करायचा? तर म्हणते कशी, ‘उगाच तुला कशाला त्रास.’ आणि इथला नियम काय, तर आईवडिलांना कायमचं इथे आणायचं तर आधी स्वतः नागरिक व्हा. बायको नागरिक आहे, पण तिला सासू आणता येत नाही, आई आणायची ती पोटच्या लेकरानंच. म्हणून अर्ज केला हो! नाहीतर मला काय रांगा चुकवायच्या होत्या?

बरं, तेव्हापासून आईला दर रविवारी फोनवर विचारायचो, येतेस का इकडे राहायला? ‘नको रे बाबा, मी काय करू तिथे.’ पुन्हा विचारायचं. ‘नको म्हटलं ना.’ तिसऱ्यांदा विचारलं की मग म्हणायची, ‘आधी तुझं ते होऊ दे.’ आता तुम्हाला कळलं ना? म्हणजे यायचंय! आमच्याकडे हे असंच आहे. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘आत्ताच झालंय’, तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धा कप’. हे मला आईनंच शिकवलं, आणि कसं शिकवलं? सहा वर्षांचा असताना तिच्याबरोबर शेजारी गेलो, काकूंनी विचारलं खाऊ हवा का, मी म्हटलं हो. पहिल्याच विचारण्याला! घरी येईपर्यंत आईनं मांडीला असा चिमटा धरून ठेवला की आजही तिथे हात लावला तर... असो. तो चिमटा घेऊन मी या देशात आलो, आणि इथे काय? इथे एकदाच विचारतात!

पहिल्या महिन्यात आमच्या मुकादमानं घरी जेवायला बोलावलं. वाढताना विचारलं, हवं का? मी म्हटलं, नको नको. गेलं की हो भांडं पुढे! मी आपला वाट बघतोय, परत येईल, परत येईल... थेट धुवायला गेलं! रात्रभर पोटात कावळे. पुढे एकदा साहेबांनी बोलावून विचारलं, वर्कशॉपचा प्रमुख होतोस का? मी म्हटलं, छे छे, माझी कुठे तेवढी लायकी. साहेब म्हणाले, ‘प्रामाणिकपणा आवडला मला,’ आणि माझ्या हाताखाली शिकलेला माणूस माझ्या डोक्यावर बसवला! तेव्हा बायकोनं फ्रीजवर कागद चिकटवला, मोठ्या अक्षरात, ‘पहिल्यांदाच हो म्हणा. इथे एकदाच विचारतात.’ आठ वर्षं आहे तो कागद. रोज वाचतो मी, दूध काढताना.

तर मुलाखत ठरली. मुलीनं दोनशे प्रश्न पाठ करून घेतले, संसदेत जागा किती, सगळ्यात लांब नदी कुठली, झेंड्याचे रंग कशाकशाचे... मी जेवताना म्हणतोय, आंघोळीत म्हणतोय, खुर्चीचा ब्रेक आवळताना म्हणतोय! आणि घरात काय केलं, तर इस्पितळानं मोडीत काढलेली एक खुर्ची रीतसर चिठ्ठी घेऊन आणली, नवे ब्रेक बसवले, नवं कापड लावलं, बैठक दोन भोकं खाली घेतली, कारण आई बुटकी आहे, तिचे पाय लोंबकळायला नकोत. खिडकीपाशी ठेवलीय. रोज दुसऱ्यांच्या आयांच्या खुर्च्या नीट करतो, म्हटलं एक आपल्याही आईची.

त्या दिवशी टाय लावला. बायको बाहेर बाकावर बसली. आत बाई होत्या, साखळीचा चष्मा, आवाज असा मऊ, अशी गोड बाई की विचारू नका! एकेक प्रश्न विचारतायत, मी धडाधड सांगतोय, संसद, नदी, झेंडा... नागरिक का व्हायचंय? आईला आणायचंय. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हो! माझ्याही आलं. म्हणाल्या, तुमचं सगळं बरोबर आहे, फार छान. मग त्यांनी चष्मा काढला, जरा पुढे झुकल्या, आणि हातात ताटली धरून उभ्या असल्यासारखं, इतक्या प्रेमानं, इतक्या आर्जवानं विचारलं, ‘मग, तुम्हाला आमच्या देशाचं नागरिकत्व द्यायचं का आम्ही?’

आणि मी... काय सांगू तुम्हाला... मांडीतला चिमटा जागा झाला! मी म्हणालो, ‘नको नको, उगाच तुम्हाला कशाला त्रास!’

त्यांच्या भाषेत म्हणालो! शुद्ध! उच्चारात एक चूक नाही! आणि मान खाली घालून हसत बसलो, दुसऱ्यांदा विचारतील म्हणून! बाई माझ्याकडे बघतायत, मी टेबलाकडे बघतोय. मग त्यांनी काहीतरी टाइप केलं, उभ्या राहिल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘तुमच्या निर्णयाचा आम्हाला आदर आहे.’ मला वाटलं झालं! मी तर वाकून नमस्कार केला त्यांना!

बाहेर आलो, कागद बायकोच्या हातात दिला. तिनं वाचला. पुन्हा वाचला. म्हणाली, ‘अहो, काय म्हणालात तुम्ही आत?’ कागदावर लिहिलेलं, अर्जदाराने नागरिकत्व स्वेच्छेने नाकारले.

धावलो की हो परत! पण बाईंचं दार बंद, काचेमागे एक कारकून. त्याला म्हटलं, दादा, ते नको म्हणजे नको नव्हतं. तो म्हणाला, मग काय होतं? म्हटलं, हो होतं. तो म्हणाला, मग खरंच नको असेल तेव्हा काय म्हणता? म्हटलं, तेव्हा आम्ही ‘बघू’ म्हणतो. ‘आणि हो म्हणजे?’ म्हटलं, हो म्हणजे... हो म्हणजे ऐकतोय! त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, ‘तुम्हाला विचारलं, तुम्ही उत्तर दिलंत, नोंद झाली. आता नवा अर्ज दोन वर्षांनी.’ म्हटलं, अहो, पुन्हा एकदा विचारून तर बघा! म्हणाला, ‘साहेब, इथे एकदाच विचारतात.’ हे तो मला सांगतो! मला! अरे, माझ्या फ्रीजवर लावलंय ते!

घरी आलो. आईच्या खुर्चीवर टॉवेल वाळत घातलेले, त्या टॉवेलांवरच बसलो. आणि फोन वाजला. आईचा! स्वतःहून कधी फोन करत नाही ती. मला वाटलं, कसं झालं विचारेल. तर म्हणते, ‘या रविवारी तू मला विचारलं नाहीस.’

‘काय विचारलं नाही?’

‘येतेस का म्हणून.’

आता काय करू? विचारलं. ‘आई, येतेस का इकडे राहायला?’

‘येते,’ म्हणाली.

पहिल्याच विचारण्याला! एक्क्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा! ‘येते रे,’ म्हणाली, ‘आंघोळीला जायची भीती वाटते आता एकटीला. माळ्यावरची बॅग काढून घेतलीय शेजारणीकडून.’

रडू आलं हो मला. पण तिला सांगू काय, की तुझा चिमटा लागला म्हणून? शेवटी म्हणालो, ‘आई, अगं, पहिल्याच विचारण्याला कुणी हो म्हणतं का?’

आई जराशी हसली. ‘चुकलंच माझं,’ म्हणाली. ‘मग दुसऱ्यांदा कधी विचारशील?’

म्हटलं, ‘दोन वर्षांनी.’

तिला कळलं सगळं. माझी आईच ती. म्हणाली, ‘नको नको. घाई करू नकोस. उगाच तुला कशाला त्रास.’